ठिपका पडला ना?

“हाकला तिला!” साहेब खिडकीतून वॉचमनवर खेकसले. ऑफिसच्या गेटात पुन्हा एक अॅम्ब्युलन्स सायरन कोकलत उभी होती. “दिसली की पिटाळायची! दर वेळी मला विचारायचं नाही.”

खिडकी आपटून ते खुर्चीत बसले. “काय एकेक नग भरलेत ड्रायव्हर म्हणून! आयता नकाशा हातात दिलाय, तरी यांची बोंब.”

नकाशा साहेबांचा. म्हणजे राबले बाकीचे, मिरवणार साहेब. शहरातला कुठलाही पत्ता टाका, स्क्रीनवर लाल ठिपका पडणारच, अशी त्यांची फुशारकी. त्याच ठिपक्यांवर त्यांना बढती मिळायची होती.

“साहेब, चूक ड्रायव्हरची नाही,” टेस्टिंगवाली म्हणाली. हे ती आधीही सांगून थकली होती. “नव्या वसाहतींचे रस्ते आपल्या नकाशात नाहीतच. पत्ता सापडला नाही की सॉफ्टवेअर गुपचूप शहराच्या मधोमध ठिपका टाकतं. आणि मधोमध आहे आपलं ऑफिस. निदान ‘सापडला नाही’ असं तरी दाखवू द्या. मग अॅम्ब्युलन्सवाले फोन करून विचारतील.”

“म्हणजे वरच्यांसमोर आपलीच अब्रू काढू? अक्कल गहाण टाकलीस काय?” साहेब फिस्कारले. “ठिपका पडला ना? मग पत्ता सापडला. विषय संपला.”

साहेबांचे विषय असेच संपतात. ती जागेवर जाऊन बसली. साहेबांनी मोबाइल काढला आणि येईल त्याला नव्या बंगल्याचे फोटो दाखवायला लागले. नवी वसाहत, ऐसपैस जागा, शेजाऱ्यापाजाऱ्यांची कटकट नाही. वडिलांना तर कोवळ्या उन्हाची खोली दिली होती. माणसाने राहावं तर असं, म्हणे.

दुपारी परत सायरन वाजला. साहेबांनी ढुंकूनही पाहिलं नाही. थोड्या वेळाने बायकोचा फोन आला.

“अहो, बाबा कोसळलेत! त्यांना श्वास घेता येत नाहीये. अॅम्ब्युलन्स मागवली, तर मोबाइलवर ‘गाडी दारात पोहोचली’ असं आलंय. पण इथे दारात चिटपाखरू नाही हो!”

साहेब खिडकीकडे धावले. गाडी कोपऱ्यावर वळून दिसेनाशी होत होती. वॉचमनने गेट लावलं, वर पाहिलं आणि कडक सलाम ठोकला.

“पिटाळली, साहेब!”