अडतिसावा अर्ज

भीमरावाने अर्ज पुढे केला आणि सवयीने म्हणाला, "दुसरी प्रत माझी. तिच्यावर पोच द्या, म्हणजे मी निघतो."

शंकरदादा खो खो हसला. अख्खं उल्हासनगर त्याला टरकून असे. त्याच्याकडे लोक रडत येत, पाया पडत. फुलस्केप कागदावर, कार्बन घालून, समास सोडून लिहिलेला अर्ज घेऊन आजवर कोणी आलं नव्हतं.

"आपल्याकडे शिक्का नाय," दादा म्हणाला. "वाच. मॅटर क्या है?"

मॅटर चार वर्षं तेच होतं. भीमरावाची विधवा बहीण चांगुणा, तिची अंबरनाथची खोली. अठ्ठ्याऐंशी साली नवऱ्याच्या पुण्यानुमोदनाला सगळे विहारात गेले, तेवढ्यात शेजारच्या नाथाने खोलीला आपलं कुलूप ठोकलं. चांगुणा दोन पोरींना घेऊन भीमरावाच्या दहा बाय दहात आली. त्याचा कारखाना तर त्याआधीच बंद पडलेला. दोन वेळची चूल पेटायची मारामार, तरी अर्जाच्या कागदाला त्याने कधी काटकसर केली नाही. ज्याला लिहिता येतं त्याने हात उचलू नये, असं त्याचे वडील सांगत. पोलीस चौकी, तहसील, नगरपालिका, एकही दार त्याने सोडलं नाही. सदतीस अर्ज आणि सदतीस पोची, सगळ्या तारीखवार फाइलला लावलेल्या. एकदा चौकीतला हवालदार त्याच्याच अर्जावर बटाटावडा ठेवून खात होता. भीमराव घरी आला आणि पुढचा अर्ज लिहायला बसला.

पण काल नाथाने चांगुणाच्या थोरलीचा भर रस्त्यात हात धरला. चौकीत गेले तर उत्तर मिळालं, "लेखी द्या." घरी येऊन चांगुणाने पोचींची फाइल चुलीपुढे आपटली.

"भाऊ, पोरींना आता ह्या कागदांत गुंडाळून ठेवू का?"

म्हणून तो इथे आला होता. येतानाही अर्ज लिहूनच आला, कारण त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

"...तरी सदर इसमावर योग्य ती कारवाई व्हावी, ही नम्र विनंती," त्याने वाचून संपवलं.

"योग्य ती म्हंजे?" दादाने विचारलं. "हातपाय तोडू, का पुरा खलास?"

भीमरावाला नको म्हणायचं होतं. पण डोळ्यांपुढे तो वडा आला, तेलात भिजलेली स्वतःची सही आली.

"तुम्हाला योग्य वाटेल ते," तो म्हणाला.

दादाने अर्जाची घडी करून बाजूच्या माणसाला दिली. "पत्ता इसमेंच है." मग दुसऱ्या प्रतीवर बॉलपेनने एक फराटा ओढला. "घे तुझी पोच."

तिसऱ्या दिवशी सकाळी भीमरावाच्या गल्लीत पोलिसांची जीप आली. नाथाला अंबरनाथच्या खोलीच्या दारातच भोसकलं होतं. पळताना मारेकऱ्याच्या खिशातून अर्जाचा कागद पडला होता. खोलीला आता पोलिसांचं सील होतं.

साहेब उंबऱ्यात उभे राहून कागद वाचू लागले. नाव, पत्ता, विषय, सगळा मजकूर, अगदी सावकाश. चांगुणा पोरींना पोटाशी धरून भिंतीला टेकली होती.

"अक्षर तुझंच?"

"होय साहेब. खाली सही आहे."

साहेबांनी खालची सहीही पाहिली. अडतीस अर्जांमधला, सरकारने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला हा पहिलाच.