अस्तराखालचं कापड

मास्तरीणबाईंनी दोरा दातांनी तोडला आणि मगच त्यांच्या लक्षात आलं, की आपण दुकानात नाही.

तो दोरा एका कोटाचा होता. आणि तो कोट परदेशातल्या एका भल्यामोठ्या संग्रहालयात, पांढऱ्या दालनाच्या मधोमध, लाकडी पुतळ्यावर चढवलेला होता. एक बाही गुडघ्यापर्यंत, दुसरी कोपरातच संपलेली. शिवणी सगळ्या बाहेर आणि त्यांतून वीत वीत दोरे लोंबत होते. छत्तीस वर्षं बायकांचे कपडे शिवलेल्या बाईला हे बघवतं का? गल्ली त्यांना मास्तरीणबाई म्हणायची ती काही शाळेमुळे नव्हे, कात्री आणि टेपेमुळे. दोरा चिमटीत धरला, कापडालगत गाठ मारली आणि कट्‌कन तोडला. हात काय, मालकिणीला विचारून थोडेच चालतात!

पहारेकरी धावत आला. त्याच्या मागून गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी आली. बाई ज्याच्याकडे महिनाभर राहायला आल्या होत्या तो थोरला मुलगा पलीकडे फोटो काढत होता, तोही पळत आला.

"अगं आई, काय केलंस हे! इथे कशाला हात लावायचा नसतो!"

"लोंबत होता रे. एवढ्या चांगल्या कापडाला शोभतं का ते?"

मुलगा त्या मुलीची माफी मागत राहिला, पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं त्याने. ती चिडली नाही. तुटलेला दोरा तिने कागदाच्या पाकिटात ठेवला आणि हळू आवाजात काहीतरी समजावून सांगितलं.

"काय म्हणते?"

"म्हणते, करणारीने एकेक दोरा मापून सोडलाय. बाही आखूड तीही मापून. चुकून काहीच नाही. सगळं मुद्दाम."

"मुद्दाम?"

बाईंनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि वाकून शिवण बघितली. टीप हाताची होती आणि एकसारखी होती. रेघ वाकडी गेली होती तिथेही एकसारखी. दुकानात शिकायला येणाऱ्या मुलींना त्याच सांगायच्या, 'ज्याला येत नाही त्याचा आधी टाका लहानमोठा होतो, मग रेघ वाकडी जाते. आधी टाका बघावा.'

त्या भिंतीलगतच्या बाकावर जाऊन बसल्या. खांद्यावरची निळी पिशवी मांडीवर घेतली.

"धाकटीचा असाच होता," त्या म्हणाल्या.

मुलाने पिशवीकडे बघितलं. त्या पिशवीचा आधी कोट होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. धाकट्या लेकीने जाड निळं कापड आणून तो हाताने शिवला होता, कारण मशीनला बाई तिला शिवू देत नसत. शिवणी बाहेर. आणि खिसा कुठे, तर पाठीवर, तोही तिरका! "पाठीवरच्या खिशात हात कुणाचा जाणार गं, वेडाबाई?" असं विचारल्यावर म्हणाली होती, "मागून येणाऱ्याचा." बाईंचं डोकंच फिरलं. येत नाही तर कापडाचा नास कशाला, म्हणून ब्लेड घेऊन त्यांनी कोट भराभर उसवला आणि संध्याकाळच्या आत त्याची पिशवी शिवून आत पांढरं अस्तर लावलं. धाकटीने पुन्हा सुई हातात धरली नाही. पुढच्या वर्षी तापाने गेली, तेव्हा एकोणीस पुरी व्हायची होती.

कोट उसवला त्या दिवशी बाईंनी टाका बघितला नव्हता.

त्यांनी अंबाड्यातला आकडा काढला आणि पिशवीच्या तोंडाशी अस्तराची शिवण उसवायला घेतली.

"आई, आता हे काय? बघतायत सगळे."

"बघू देत की. ही तर माझीच आहे ना?"

आकडा भराभर चालला. अस्तर सुटलं. बाईंनी पिशवी उलटी केली आणि समोरच्या उंच खिडकीच्या उजेडात धरली. जाड कापडाला सुईने पडलेली भोकं बुजत नाहीत. खिसा जिथे होता तिथे त्याच्या तीन बाजू बारीक ठिपक्यांनी उजळून दिसल्या, अगदी तिरप्या.

बाईंनी बोटाचं पेर त्या ठिपक्यांना लावलं आणि मोजलं. आठ. पेर पुढे सरकवलं. आठ. कोपऱ्यावर रेघ वळली होती, भलेभले तिथे गडबडतात. तिथेही आठ.

"येत होतं रे तिला," त्या म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या, "चांगलं येत होतं."

मुलाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना तो कळलाही नाही. त्यांनी कापड मांडीवर पसरलं, हाताने सारखं केलं आणि तिरप्या ठिपक्यांच्या मध्ये तळहात ठेवला. हात आत घालायला खिसा आता राहिला नव्हता.