अक्षरं मोठी करा

माझ्या लेकानं दुकानदारांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर केलं आणि जगाला फुकट वाटलं. लोक त्यात काय हवं-नको ते लिहून पाठवत, तो करून देई. तो देवाघरी गेला. आता उत्तरं सूनबाई देते.

परवा तिनं एक मागणी वाचली, "अक्षरं मोठी करा. आई चष्मा लावत नाही."

"कुणाची गं ही मिजासखोर म्हातारी?" मी म्हटलं.

सून हसली नाही. माझा चष्मा फडताळातच पडून असतो. पाठवणाऱ्याचं नाव कोरं होतं.

सकाळी आमच्या दुकानातला संगणक लावला, तर हिशेबाची अक्षरं बोराएवढी.

"बरं केलंस हो."

"आई, मी हात नाही लावला."

तेवढ्यात नवी मागणी आली. सुनेनं पडदा माझ्याकडे वळवला. बिनचष्म्याची मीच वाचली, "आता दिसतंय का, विचार तिला."