बत्तिसावी खाच

सांडोर गावात डेल्फिनबायच्या वाडीतल्या या माडावर पांडुरंग तेवीस वर्षं माडी काढायला चढत होता. खोडात पाय ठेवायच्या खाचाही त्यानंच पाडलेल्या, आपल्या ढांगेच्या मापानं. एकतीस. उतरताना तो कधी खाली बघत नसे. पाय आपोआप मोजत.

हल्ली मात्र उजवा गुडघा ऐकत नव्हता. आज संध्याकाळी चढण्याआधी तो म्हणालाही, "बाय, खाचा जरा जवळजवळ हव्या होत्या. पण आता नव्यानं पाडणार कोण? पोरगा कारखान्यात लागला, आणि माझ्यात तर जीव राहिला नाही."

"सावकाश उतर. मी चहा टाकते," बाय म्हणाली.

वर जाऊन त्यानं मडकं उतरवलं, माडी गळते ती फुलोऱ्याची पोय तासली, कोयता कमरेच्या आकडीत अडकवला आणि तो उतरू लागला. एकतिसावी खाच झाल्यावर त्यानं जमिनीसाठी पाय खाली सोडला.

पायाला खाच लागली.

दमलोय, मोजायला चुकलो असेन, असं त्याला वाटलं. पण तिच्याखाली आणखी एक होती. तिच्याखालीही. या खाचा जवळजवळ होत्या आणि त्यांच्या कडा ओल्या लागत होत्या. गुडघा दुखायचा थांबला होता.

"पांडू, चहा निवतोय रे!" बायची हाक आली. वरून, खूप लांबून.

त्याचा हात कमरेकडे गेला. आकडीत कोयता नव्हता.

पायाखाली कुणीतरी टक् टक् करत पुढची खाच पाडत होतं.