उघड्या पाठीचे दोन हेडफोन

अस्माने पंखा बंद केला आणि खोलीतल्या तिघांच्याही कपाळावर घाम फुटला. एप्रिलातली पुसदची दुपार. पण टेबलावरचे दोन्ही हेडफोन पाठीमागून उघडे होते, नुसती जाळी. बाहेरचा आवाज सरळ कानात शिरायचा. पंख्याच्या घरघरीत त्यांच्यावर काही ऐकण्यात अर्थ नव्हता.

एक हेडफोन धम्मदीपचा, पुण्याहून आणलेला, काळाशार, नवा. दुसरा अस्माचा. त्याच्या कानाच्या गाद्या तिने दोनदा बदलल्या होत्या आणि तुटलेली वायर तिच्या अब्बांनी जोडून दिली होती.

गाणं धम्मदीपच्या आईचं. शीलाबाईने स्वतः रचलेलं, गायलेलं, अस्माच्या याच खोलीत रेकॉर्ड झालेलं. मंडळाने पहिल्यांदाच जयंतीच्या मिरवणुकीत तिचं गाणं लावायचं कबूल केलं होतं. आज संध्याकाळी ते द्यायचं होतं. आणि आवाज-वाद्यांचा मेळ साधलेली मिक्स दोन झाली होती: एक अस्माने केलेलं, एक धम्मदीपने पुण्यात बसून.

"तुहं मिक्स कोरडं वाटते, अस्मा," धम्मदीप म्हणाला. "माहं ऐकून पाय. माय कशी कानापाशी येऊन गाते."

अस्माने त्याचा हेडफोन चढवला. खरंच, शीलाबाई कानाशी येऊन गात होती. ढोलकी गोल, टाळ मऊ. असा हेडफोन घालून दिवसभर गाणी ऐकत पडून राहावं. आपलंच तर चुकलं नाही?

मग तिने त्याचंच मिक्स आपल्या हेडफोनवर लावलं. ढोलकी पुढे सरकली आणि शीलाबाई भिंतीपलीकडे गेली.

अस्माने पुन्हा एकदा लावून पाहिलं. मग तेच मिक्स लावून दोन्ही हेडफोन शीलाबाईपुढे ठेवले. "काकू, तुम्ही ऐका. डोळे मिटून."

पहिल्यावर, मुलाच्या हेडफोनवर, शीलाबाई हसली. "गोड आहे." दुसऱ्यावर, अस्माच्या, तिच्या भुवया जवळ आल्या. "अवो, इथं मी गेली कुठं? 'अक्षर' म्हणली तिथं आवाज ढोलकीखाली दबून राह्यला."

"तो हेडफोन जुना झाला, माय."

"जुना आहे," अस्मा म्हणाली. "पण दादा, तुमचा हेडफोन गाणाऱ्याचा आवाज स्वतःहून पुढं आणते. ऐकायले लय छान. तुम्हाले वाटलं आवाज पुरेसा आहे, म्हणून तुम्ही तो वाढवलाच नाही. माहा हेडफोन काही गोड करत नाही. कमी आहे ते कमीच ऐकवते."

"अन् मिरवणुकीत कोणाच्या डोक्यावर तुहा हेडफोन राहीन?"

"कोणाच्याच नाही. तुमचाही नाही. तिथं हॉर्न राहतात."

खोलीखालीच अस्माच्या अब्बांचं, जमीरभाईंचं, दुकान होतं. मिरवणुकीचे भोंग्यासारखे हॉर्न आणि त्यांचा आवाज वाढवायच्या मशिनी दुरुस्तीला तिथेच यायच्या. अस्माने खिडकीतून हाक मारली. "अब्बा, एक हॉर्न जोड देते क्या?"

"मूँ किधर करूँ?"

"रोड की तरफ."

तिघं खाली आले. आधी धम्मदीपचं मिक्स लागलं. ढोलकीचा ठेका रस्त्यावर धडकला. एका रिक्षावाल्याने मान हलवली आणि तो निघून गेला. गाणारी बाई काहीतरी म्हणत होती, एवढंच कळत होतं. रस्ता ओलांडून धम्मदीप समोरच्या कापडाच्या दुकानापाशी जाऊन उभा राहिला, तिथून तरी शब्द लागतात का पाहायला. गाणं संपेपर्यंत तो खाली बघत होता.

आता अस्माचं. तिचा अंगठा मोबाईलवर क्षणभर थांबला. दोन महिने ती या एकाच बाईच्या आवाजावर काम करत बसली होती. तिने बटण दाबलं.

ढोलकी आली, पण एक पाऊल मागे राहून. आणि मग:

"दगडी पाटी फुटली माये, अक्षर नाही फुटलं."

'अक्षर'मधला क्षसुद्धा रस्त्यापलीकडे गेला. कापडाचा दुकानदार गिऱ्हाईक सोडून पायरीवर आला. सायकलवरच्या दोन मुलींनी पाय टेकले. बस स्टँडकडे निघालेली एक बाई हातातल्या पिशव्यांसकट थांबली.

पलीकडून धम्मदीपने हात वर केला. तो हसत होता, अगदी मोकळा. "हेच," तो तिथूनच ओरडला. "अस्मा, हेच देऊ. मी फोन करतो मंडळाले."

अस्माने दुकानाच्या चौकटीला पाठ टेकली. जमीरभाई हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच धरून तिच्याकडे बघत होते. "इसमें तो मेरे हॉर्न का भी आवाज अच्छा आ रा," ते म्हणाले.

पिशव्यांवाली बाई दोन पावलं जवळ आली. "कोण होय हो ही गाणारी?"

शीलाबाईने डोक्यावरचा पदर नीट केला आणि ती पायरी उतरून रस्त्यावर गेली.

"मी होय," ती म्हणाली. आणि कोणी काही विचारायच्या आत तिने हॉर्नमधल्या आवाजाच्या जोडीने पुढची ओळ उचलली. आधी हळू, मग भर उन्हात, पूर्ण गळ्याने.

अस्मा मशीनपाशी गेली. तिने हॉर्नचा आवाज हळूहळू कमी करत शून्यावर आणला.

गाणं चालूच राहिलं.