व्यत्ययाची खुर्ची

चौथी आणि शेवटची फेरी सुरू झाली, तरी सिद्रामप्पांनी अजून तोंड उघडलं नव्हतं.

ते व्यासपीठावर सगळ्यात कडेच्या खुर्चीत बसले होते. मधोमध, डोळे मिटून, त्यांची भाची आरोही. तिचं हे पहिलं अष्टावधान. आठ जण तिला घेरून बसलेले. एकाने विषय द्यायचा, दुसऱ्याने श्लोकाची शेवटची ओळ देऊन आधीच्या तीन मागायच्या, तिसऱ्याने प्रत्येक अक्षरानंतर पुढचं एखादं अक्षर वर्ज्य करायचं. तिने हातात कागद न घेता सगळ्यांचे संस्कृत श्लोक एकाच वेळी रचत न्यायचे, एका फेरीत प्रत्येकाची एकच ओळ. आणि आठवा माणूस फक्त मोडता घालायला. त्याने वाटेल तेव्हा भलतंसलतं विचारून तिचं लक्ष उडवायचं. तिने हसून उत्तर द्यायचं आणि सुटलेली ओळ पुन्हा पकडायची.

तो आठवा माणूस म्हणजे सिद्रामप्पा. नाव आरोहीनेच सुचवलं होतं. चाटी गल्लीतल्या त्यांच्या दुकानात माणूस एक चादर घ्यायला येई आणि हसता हसता दोन घेऊन जाई. शिवाय या खुर्चीला मराठीत बोलायची मुभा होती.

अध्यक्ष महादेवप्पांना ही निवड पटली नव्हती. संस्कृत शिकवून निवृत्त झालेले, शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी सुरुवातीलाच भर सभागृहात बजावलं होतं, "मामा भाचीला छळेल यावर माझा विश्वास नाही. छळलं तर आनंद. व्यत्यय आला नाही, तर मात्र मी याला अवधान म्हणणार नाही. पाठांतर म्हणेन, आणि तसं जाहीर करेन."

सिद्रामप्पांकडे प्रश्न नव्हते असं नाही. महिनाभर गिऱ्हाइकांवर घासून घासून त्यांनी ते धारदार केले होते. पण इथे आरोही ओळ विणायला लागली की त्यांना मागावरचा चालता धागा दिसे. तो हाताने तोडायचा? तोंड उघडेपर्यंत तिची ओळ पुरी होई, टाळ्या पडत, आणि तेही टाळ्या वाजवत.

"सिद्रामप्पा," महादेवप्पा त्यांच्याकडे झुकून पुटपुटले, "तुम्हाला व्याही म्हणून मानाला बसवलेलं नाही."

पहिल्या रांगेतून सिद्रामप्पांची बहीण, आरोहीची आई कमलम्मा डोळे मोठे करून खुणावत होती. सिद्रामप्पांनी उपरण्याने मान पुसली. सगळे प्रश्न घामाबरोबर वाहून गेले होते.

पहिल्याने दिलेला विषय होता सिद्धेश्वर तलावावरची संध्याकाळ. तीन ओळी झाल्या होत्या. मावळता सूर्य आपलं सगळं सोनं तलावाकडे ठेव म्हणून देतो, इथवर श्लोक आला होता. तलावाने त्याचं काय केलं, ते चौथ्या ओळीत यायचं होतं.

आरोहीने श्वास घेतला. ओठ हलले. आणि थांबले.

पंख्यांची घरघर ऐकू यायला लागली. आरोहीच्या कपाळावर आठी पडली. तिने सुरुवातीचं अक्षर उच्चारलं, मान हलवली, पुन्हा थांबली. महादेवप्पांनी चष्मा काढून हातात घेतला. कमलम्माने पदर तोंडाला लावला.

सिद्रामप्पा खुर्चीच्या कडेला सरकले. पोरगी अडकली. आता काहीही करून तिला वेळ मिळवून द्यायला हवा.

"ओ आरोहीबाई!" ते एवढ्या मोठ्याने ओरडले की माईक किंचाळला. "माझी एक अडचण हाय. तुमच्या काव्यातल्या त्या विरहिणीला म्हणं चांदणंसुदीक भाजतं. मग असल्या बाईला सोलापूरच्या उन्हाळ्यात मी चादर कुठली विकू?"

आरोहीने डोळेसुद्धा उघडले नाहीत. "तिला नका विकू की, मामा. तिच्या नवऱ्याला विका, डबलची. आणि म्हणा, घरपोच आम्ही करत नाही, तुमची तुम्ही घेऊन जा."

सभागृह फुटलं. मागच्या बाकांवरून शिट्ट्या आल्या. सिद्रामप्पांचा बांध सुटला.

"बरं, शंकराच्या डोक्यावर अख्खी गंगा हाय. मग आमच्या नळाला पाणी का येईना?"

"भगीरथाने तप केलं, मामा. आपण नुसत्या बादल्या मांडून बसलोय."

महादेवप्पा खुर्चीचे हात धरून हसत होते. हसू ओसरायच्या आत आरोहीने चौथी ओळ म्हटली. तलावाने ते सोनं मासोळ्यांना वाटून टाकलं होतं. सगळं सभागृह उभं राहिलं. त्यानंतर तिने बाकीच्यांच्या उरलेल्या ओळी पुऱ्या केल्या आणि सारे श्लोक पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही अक्षर न चुकता म्हणून दाखवले. महादेवप्पांनी माईक हातात घेतला. "हे अवधान आहे," ते म्हणाले, "आणि व्यत्यय उत्तम होता."

बाहेर चहाच्या गाडीपाशी सिद्रामप्पांना माणसांनी वेढलं. पाठीवर थापा पडत होत्या. आरोही जवळ आली तशी तिला बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, "कुणाला सांगायचा न्हाय मी. पर चौथ्या ओळीला तू अडकलीवतीस की. म्हणून तर मधे तोंड घातलं."

आरोहीने त्यांच्या हातातला कप घेऊन एक घोट घेतला.

"ओळ तयारच होती, मामा. तुम्ही मला अडवणार नाही, हे तिसऱ्या फेरीतच कळलं होतं. पण मी अडकले तर तुम्ही गप्प बसणार नाही, एवढं ठाऊक होतं की."