वस्तीची हरकत

"भीमनगरची काही हरकत नाही," किशनराव मेंबर म्हणाले आणि खाली बसले.

नगरपालिकेच्या सभेत मागच्या बाकावर बसलेल्या भीमनगरच्या चांगुणाने ते ऐकलं. किशनराव तिच्याच वॉर्डातून निवडून आलेले. लातूर जिल्हा नवा झाला होता, गावात कचेऱ्या येणार होत्या, म्हणून नगरपालिकेने गावाचा नवा आराखडा केला होता. भीमनगरच्या विहिरीची जागा त्यात बाजारपेठेला दिली होती. विहीर बुजवायची आणि वर गाळे बांधायचे. लागोपाठ दुसरा पावसाळा कोरडा गेलेला. गावातले आड आटले, नळ नावाला उरले. पाणी होतं ते त्या एका विहिरीत. बहात्तरच्या दुष्काळात वस्तीने स्वतः खपून खोदलेली विहीर.

"मग ठराव मंजूर," अध्यक्ष शिवमूर्तीअप्पा म्हणाले. "पुढचा विषय घ्या."

"हाय."

सगळ्या माना मागे वळल्या. चांगुणा उभी होती.

"हरकत हाय," ती म्हणाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा निघाला.

"बाई, इथं मेंबरांनीच बोलायचं असतं," अप्पा समजुतीने म्हणाले. "लोकांनी बसून ऐकायचं. तुमचं म्हणणं तुमच्या मेंबरांनी मांडलं की."

"त्यांनी त्यांचं मांडलं. आमाला कुठं इचारलं?"

किशनराव अर्धवट उठले. "चांगुणाबाई, सभा झाल्यावर बोलू. मी घरी येतो तुमच्या."

"घरी नगं. विहीर हितं बसून बुजवायलात, तर बोलणं बी हितंच व्हऊ द्या."

कुणीतरी हसलं. अप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी शिपायाला खूण केली. मडिवाळप्पा बाकांमधून वाट काढत आला आणि तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला.

"चला बाई," तो खालच्या आवाजात म्हणाला.

चांगुणाने पुढच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरली. "मला उचलून न्यावं लागंल, बाबा. आन् उचललं तरी तोंड चालूच ऱ्हाईल."

मडिवाळप्पाने अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी व्यापाऱ्यांच्या बाकांकडे पाहिलं. तिथे बसलेल्यांना नव्या बाजारपेठेत गाळे मिळणार होते, त्यासाठीच ते आले होते.

"एका बाईची हरकत म्हणजे गावाची हरकत नव्हे," अप्पा मोठ्याने म्हणाले. "आणखी आहे का कुणाची?"



चांगुणा व्यापाऱ्यांच्या बाकांवरून नजर फिरवत गेली. झुंजूमुंजू व्हायच्या आत, तोंडावर पदर ओढून भीमनगरच्या विहिरीवर कोणाकोणाच्या घरच्या बाया येतात, हे तिला ठाऊक होतं. कितीजणींच्या घागरी तिनेच ओढून दिल्या होत्या. नावं जिभेवर आली. एकेक घेतलं असतं तर सभागृहाला तोंड लपवायला जागा उरली नसती. पण पाण्याला आलेल्या माणसाची नाचक्की तिला करायची नव्हती. तिने नावं गिळली.

"एकटीची तर एकटीची," ती म्हणाली. "ल्ह्यून घ्या. तवर मी बसणार न्हाई."

"माझी बी हाय."

व्यापाऱ्यांच्या बाकावर गुरम्मा उभी राहिली होती. नवरा गेल्यापासून ती एकटी किराणा दुकान चालवत होती. कपाळावर भस्माचे पट्टे, हातात दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा.

"गुरम्माक्का," अप्पा चमकले, "तुम्हाला तर कोपऱ्याचा गाळा ठेवलाय."

"गाळ्यात बसून पिऊ काय, अप्पा? होळीपासून माझ्या घरात त्याच विहिरीचं पाणी हाय. प्यायला तेच, सैपाकाला तेच. लिंगपूजा बी मी त्याच पाण्यानं करते."

चांगुणा बघतच राहिली.

"शिव शिव शिव," शेजारचा कापडवाला बसवंत पुटपुटला.

गुरम्मा त्याच्याकडे वळली. "शिव शिव काय करायलास? तुझी बायको माझ्यासंगंच येती."

बसवंत पायातल्या चपलांकडे बघू लागला. मागच्या बाकावरून एक म्हातारा उठला. मग आणखी दोन बाया उठल्या. नुसत्या उभ्या राहिल्या. मडिवाळप्पा हळूच भिंतीला जाऊन टेकला.

इतका वेळ मान खाली घालून बसलेले मुख्याधिकारी अप्पांच्या कानाशी वाकले, पण सभागृह एवढं शांत होतं की सगळ्यांना ऐकू गेलं. "साहेब, हरकतींची मुदत संपलेली नाही. हरकत आली की लोकांचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं. त्याशिवाय हा आराखडा वर पाठवता येणार नाही."

अप्पांनी रुमालाने मान पुसली. "विषय तहकूब," ते म्हणाले. "सुनावणी होईल."

"कुठं?" चांगुणाने विचारलं.

"कुठं म्हणजे? इथंच."

"हितं नगं. विहिरीवर या. बुजवणार ते एकदा वाकून बघा तरी."

अप्पा किशनरावांकडे बघत राहिले. किशनराव खिडकीबाहेर बघत होते. शेवटी अप्पा म्हणाले, "बरं."

मग चांगुणा बसली. तिच्या तळव्यांवर बाकाच्या लाकडाचे वळ उठले होते.

सभा सुटल्यावर गुरम्मा पायऱ्यांवर तिची वाट बघत उभी होती. बाहेर ऊन रणरणत होतं. येणारेजाणारे दोघींकडे वळून वळून बघत होते.

"आता गावभर झालं," गुरम्मा म्हणाली. "उद्यापासून चांगलं उजाडल्यावरच येईन मी पाण्याला."

"या की अक्का," चांगुणा म्हणाली. "पर रांगेत उभं ऱ्हावं लागंल."